खिळ्यावरचा पासवर्ड

माझ्या धाकट्या जावेनं मला फसवलं. सासऱ्यांचं अख्खं ऑफिस मी सांगलीत बसून त्यांच्या पलंगापर्यंत पोचवलं आणि तिनं साताऱ्यात बसून ते आपलं म्हणून दाखवलं. सासऱ्यांनी ते मान्य केलं. यात गैरसमज काही नाही. गैरसमज झाला असेल म्हणणारी माणसं मला माहीत आहेत, ती दोन्हीकडचा चहा पितात.

सासरे फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. नंतर त्यांनी साताऱ्यात एका कापडदुकानाच्या माडीवर खोली घेतली, तिला घरात सगळे ऑफिस म्हणतात. तिथं निवृत्त जवान येतात, जवानांच्या विधवा येतात. कुणाचा हयातीचा दाखला अडकलेला असतो, कुणाचं नाव पलटणीच्या कागदावर एक आणि आधार कार्डावर दुसरं असतं. सासरे त्यांचे अर्ज भरून देतात आणि काम होईपर्यंत पाठ सोडत नाहीत. खोलीबाहेर पाटी आहे. पाटीवर त्यांचं एकट्याचं नाव आणि त्याखाली एक ओळ मोकळी. पाटी रंगवतानाच ती ओळ त्यांनी मोकळी ठेवायला सांगितली होती, पुढं एखादा मुलगा येऊन बसेल म्हणून. थोरला मुलगा म्हणजे माझे यजमान, ते इस्लामपूरला साखर कारखान्यात. धाकटा साताऱ्यातच एमआयडीसीत. माडीवर कुणीच आलं नाही.

सासरे एक दिवस त्याच माडीच्या जिन्यावर घसरले आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला. आम्ही दोघी जावा पलंगाजवळ होतो तेव्हा ते म्हणाले, "आता पोरांची वाट बगत न्हाई. दोघींतली जी माजं ऑफिस हितं आनून दावील, तिचं नाव त्या वळीत घालीन."

जाऊ सरबत ढवळत होती. तिनं चमचा थांबवलासुद्धा नाही. मी लगेच म्हणाले, "मी आणते. पण मामा, शब्द द्या."

"बगू," मामा म्हणाले.

माझं माहेर पूर्वेकडचं, दुष्काळी. बाप मेंढरं राखायचा. बाजारात तो सौदा करायचा तेव्हा दोघांच्या हातांवर टॉवेल असायचा आणि आत बोटं धरून भाव ठरायचा. बोट धरलं की ठरलं, मग आभाळ कोसळलं तरी फिरवायचं नाही. 'बघू' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला बापानं मेंढराच्या अंगाला हात लावू दिला नाही. मी त्याची मुलगी. माधवनगर रस्त्याला माझं टायपिंगचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, ते मी दुसऱ्यांच्या मोडीत निघालेल्या कॉम्प्युटरांवर उभं केलं. त्यातला एकही मी समोरच्यानं सांगितलेल्या भावाला घेतला नाही. अशी मी, आणि सासऱ्यांच्या 'बगू'वर कामाला लागले. पहिली चूक तिथं झाली, ती मी मान्य करते.

कारण सांगते. मला जावेचा हेवा वाटतो. पहिल्यापासून वाटतो. तिची इंजिनिअरिंगची पदवी सासऱ्यांनी चौकट करून हॉलमध्ये स्वतःच्या मेडलांशेजारी लावली आहे. माझं टायपिंगचं सर्टिफिकेट त्याच घरात आहे, लाइटबिलांच्या फायलीत. पाहुणे आले की मामा म्हणतात, "ह्या आमच्या इंजिनिअर सूनबाई." मग माझ्याकडे वळून, "ही थोरली. सांगलीला असती." एवढंच. सांगलीला असती. जशी एखादी सुटकेस सांगलीला असावी. जाऊ कधी आवाज चढवत नाही. मी चिडले की ती हसून "आक्का, पाणी घ्या" म्हणते, आणि बघणाऱ्याला वाटतं भांडण मीच उकरलं. पदवी मिळाल्यापासून तिनं नोकरी केली नाही, पदवीनंच तिची नोकरी केली.

म्हणून मला ती ओळ पाहिजे होती. पाटीवर, रंगानं, सगळ्या साताऱ्याला दिसेल अशी.

माडीवरच्या कॉम्प्युटरची डिस्क मरायला टेकली होती. त्यात जवानांचे तक्ते होते आणि हजारभर स्कॅन केलेले कागद. सांगलीला परतायच्या आधी ते सगळं मी पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. मी ठरवलं, हे सगळं क्लाउड सर्व्हरवर न्यायचं. क्लाउड सर्व्हर म्हणजे कुणाच्या तरी मोठ्या जागेत आपण भाड्यानं घेतलेला कॉम्प्युटर. तो डोळ्यांनी दिसत नाही, पण आपल्या गल्लीतली वीज गेली म्हणून बंद पडत नाही. कंपनीच्या पानावर दर छापलेला होता. घासाघीस करायला समोर माणूसच नाही, हे मला सहन झालं नाही. मी मदतकेंद्राला फोन लावला.

"मॅडम, दर सिस्टीममध्येच फिक्स असतो," पलीकडचा म्हणाला.

"सिस्टीम कुणी बसवली? माणसानंच ना? त्याला द्या फोन."

"मॅडम, तो बंगलोरला असतो."

"मग मला काय घाई न्हाई. मी थांबते."

तो दर उतरवू शकला नाही, पण चाचणीची मुदत वाढवून दिली. बरं वाटलं.

दुपारी एक ते चार दुकानात गिऱ्हाईक नसतं. त्या वेळात मी काम केलं. सर्व्हरला पहिल्यांदा जोडून घेतलं तेव्हा समोर नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. हुकूम टाइप करायचा, उत्तर वाचायचं. मला त्याचं काही नाही, माझी बोटं टायपिंगवर वाढली आहेत. पण मामांना फायलींची चित्रं लागतात, बाणानं उघडायला खिडक्या लागतात. म्हणजे त्या काळ्या पडद्याच्या मशीनवर पूर्ण डेस्कटॉप बसवायचा आणि त्याचं चित्र साताऱ्याच्या पलंगापर्यंत पाठवायचं. मशीन लहान घेतलं होतं, म्हणून हलका डेस्कटॉप निवडला. चित्र पाठवणारा व्हीएनसी नावाचा प्रोग्रॅम बसवला. त्याच्या पासवर्डची फक्त पहिली आठ अक्षरं मोजली जातात, तेही वाचताना कळलं. मग सांगलीहून जोडून पाहिलं.

राखाडी. सगळा पडदा राखाडी आणि मधोमध एक काळी फुली. मे महिन्यात आमच्या माहेरचा माळ दिसतो तसा.

तीन दुपारी त्या राखाडी माळाकडे बघण्यात गेल्या. मग मी मन मारून जावेला फोन केला. हे महत्त्वाचं आहे, म्हणून ती काय म्हणाली ते जसंच्या तसं देते.

"आक्का, मामांचं ते अजून चाललंय होय? हे आम्हाला सिलॅबसला नव्हतं हो. यूट्यूबला बघा ना, असेल."

म्हणजे काम कोण करतंय हे तिला ठाऊक होतं. तिला ते येत नाही, हेही तिला ठाऊक होतं.

चौथ्या दुपारी सापडलं. व्हीएनसी चालू झाला की कुठला डेस्कटॉप उघडायचा, ते एका छोट्या फाईलमध्ये लिहावं लागतं. ते मी लिहिलं होतं. पण त्या फाईलला चालायची परवानगीच दिलेली नव्हती. हुकूम होता, हुकमावर सही नव्हती. परवानगी देणारी एक ओळ टाइप केली, पुन्हा जोडलं, आणि निळा डेस्कटॉप उघडला, त्यावर फायली, खाली पट्टी, कोपऱ्यात घड्याळ. मी दुकानात एकटीच उभी राहिले.

तक्ते चढवले तर मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन. साऱ्या विधवांची नावं चौकोन. देवनागरी अक्षरं त्या मशीनला माहीतच नव्हती, ती बसवली. रस्त्यावरून कुणीही आत डोकावू नये म्हणून जोडणी बंद नळीतून नेली. सर्व्हर कधी बंद पडून उठला तर डेस्कटॉपही आपोआप उठावा अशी सोय केली. शेवटी एक गोष्ट मी मुद्दाम केली. दोन ठिकाणांहून एकाच वेळी तोच पडदा दिसेल असं ठेवलं. मामा अडले तर सांगलीहून त्यांचा बाण मला दिसावा आणि मी तो हलवून दाखवावा, एवढाच हेतू होता.

एका मंगळवारी सकाळच्या बसनं साताऱ्याला गेले. मामांना एक्स-रेला नेलं होतं, जाऊ आणि दीर बरोबर गेले होते. घरी फक्त सासूबाई. पलंगाजवळच्या लॅपटॉपवर मी एक चित्र ठेवलं, त्यावर दोनदा दाबलं की नळी आणि पडदा दोन्ही उघडतात. दर वेळी फक्त पासवर्ड द्यायचा.

आता पासवर्डाचं सांगायला पाहिजे. आमच्या त्या घरात दाराच्या आतल्या बाजूला एक मोठा खिळा आहे. कपाटाच्या, ऑफिसच्या, गाडीच्या, सगळ्या किल्ल्या त्यावर. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात माझ्या पेटीची किल्ली कमरेला होती. सासूबाईंनी ती स्वतःच्या हातानं काढून खिळ्याला लावली. म्हणाल्या, "कमरंला किल्ली लावनारी सून घर फोडती." तेव्हापासून त्या घरात मी काही लपवलं नाही.

सर्व्हरवर प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड देता येतो. मला ते करता येत होतं. दुकानात माझ्या टेबलाच्या खणाला मी दोन कुलपं लावते. पण तिथं, त्या दाराशी, मला कमरेची किल्ली आठवली. मी सगळ्यांसाठी एकच नाव ठेवलं, ऑफिस, आणि एकच पासवर्ड, मामांच्या फौजेतल्या नंबरातले आठ आकडे. पुठ्ठ्यावर लिहिला, भोक पाडून दोरा ओवला आणि खिळ्याला अडकवला.

"आता कसं घरच्यावानी झालं," सासूबाई म्हणाल्या.

"आत्या, रविवारी मी येऊन मामांना दाखवीन. तोवर कुणी उघडू नका म्हणावं."

"सांगते की."

दुकान उघडायचं होतं म्हणून ते परतायच्या आत मी बस धरली. बसमधून जावेलाही फोन करून तेच सांगितलं. ती म्हणाली, "हो हो आक्का, रविवारी. मी पुरणाचं बघते."

गुरुवारी दुपारी सगळं ठीक आहे ना बघावं म्हणून मी दुकानातून पडदा उघडला. बाण आपोआप हलत होता.

पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी आत घुसलं. मग लक्षात आलं, चोर असा हलवत नाही. बाण एकेका फाईलभोवती सावकाश गोल फिरत होता, म्हाताऱ्या माणसाला बोटानं दाखवावं तसा. फाईल उघडायची, मिटायची, पुढची. मी फायली ज्या क्रमानं लावल्या होत्या त्याच क्रमानं. आणि मागचा निळा रंग गेला होता. तिथं मामांचा फोटो होता. तरुणपणचा, वर्दीतला, कॅप तिरकी, मागं बर्फ. हॉलमध्ये मेडलांजवळ टांगलेला तो फोटो जावेनं मोबाइलवर काढून मागं लावला होता. हे दोन मिनिटांचं काम आहे.

मग बाण त्या फोटोवर थांबला आणि कितीतरी वेळ हलला नाही. पलीकडे मामा बघत असणार, हे मला सांगलीत कळलं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. घरच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता. मामा उशीला टेकून बसलेले, डोळे ओले. "आमच्या इंजिनिअर सूनबाईनी ऑफिस माज्या उशाला आनलं. लय मोठं काम केलं." आणि मागून जावेचा आवाज, हसरा, "काही नाही हो मामा, छोटंसं काम."

मी केलं असं ती म्हणाली नाही. आक्कांनी केलं असंही म्हणाली नाही. छोटंसं काम म्हणाली. माझ्या इतक्या दुपारी गेल्या, त्याला छोटंसं म्हणाली, आणि ते छोटंसं खिशात घातलं.

मी माउस धरला आणि बाण ओढून कोपऱ्यात नेला. तो परत मधे आला. मी पुन्हा ओढला. तिनं आणला. सांगली ते सातारा एका बाणावर आम्ही दोघी जावा ओढाताण करत होतो आणि मधे मामा तिरक्या कॅपमध्ये उभे. शेवटी तिचा फोन आला. मागं मामांचा आवाज ऐकू येत होता, "हे असं का उड्या मारतंय गं?"

"आक्का, तुम्ही हलवताय का?" ती हळू आवाजात म्हणाली.

"मामांना सांग कोण हलवतंय ते."

तिनं फोन तोंडापासून बाजूला केला. "नेटवर्क आहे हो मामा. होतं असं कधीकधी."

मी फोन आपटला. काच तडकली, अजून तशीच आहे.

त्या फोटोचं मला सुचलं नव्हतं, हे खरं. नळी सुचली, परवानगी सुचली, चौकोनांच्या जागी नावं आणणं सुचलं. त्या माणसाला आपलंच तरुण रूप दाखवावं, एवढं सुचलं नाही. याचा हेवा मला पदवीपेक्षा जास्त आहे. पण भिंत बांधणाऱ्यानं भिंत बांधली आणि दुसऱ्यानं त्यावर तसबीर टांगली, तर घर तसबिरीवाल्याचं होत नाही.

रविवारी मी गेले, यजमान बरोबर होते. हॉलमध्ये मामांचे तीन जुने साथी बसलेले, पुरणपोळीचा वास सुटलेला. भिंतीला टेकून ऑफिसची पाटी उभी होती. माडीवरून उतरवून आणली होती. मोकळ्या ओळीत जावेचं नाव, रंग अजून ओला. गुरुवारी व्हिडिओ, शनिवारी पेंटर. पेन्शनचं काम या घरात कधी इतक्या वेगानं झालं नाही.

मी चप्पल काढून सरळ हॉलमधल्याच मामांच्या पलंगाशी गेले. सर्व्हर प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतो, कधी आणि कुठल्या पत्त्यावरून. त्या नोंदीचा कागद मी काढून आणला होता, तो मामांच्या हातात दिला.

"मामा, वाचा. कोण कवा आत गेलं, सगळं लिहिलंय."

मामांनी चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवत खाली आले. "सगळीकडं नाव एकच हाय की. ऑफिस, ऑफिस, ऑफिस. ह्यात तुजं कुठं हाय?"

"शेजारचा आकडा बघा. तो माझ्या दुकानाचा पत्ता आहे. तुमच्या घरचा आकडा मंगळवारी एकदा, मी इथं जोडून बघितलं तेव्हाचा, आणि मग थेट गुरुवारपासून."

"आकड्यावरनं मला काय कळनार?"

एक साथी खाली बघत म्हणाले, "सुभेदारसाब, गार्ड कमांडरचं दस्तखत नसंल तर रजिस्टर कच्चंच की."

"व्हय," मामा म्हणाले. "एकच नाव तू ठेवलंस ना? का ठेवलंस?"

मी खिळ्याकडे बघितलं. पुठ्ठा तिथंच लोंबत होता. "आत्या, तुम्ही सांगा. मंगळवारी कोण आलं होतं?"

सासूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "थोरली आलती खरी. कायतरी टकाटका करत बसलीती. मला बाई त्यातलं काय कळतंय?"

"सांग ना गं," मी जावेला म्हणाले. "सिलॅबसला होतं का नव्हतं?"

"आक्का, घरातलंच काम आहे ना," ती म्हणाली. "मी कुठं म्हटलं मी केलं? मामांनीच मानलं. तुम्ही आधी पाणी घ्या."

यजमान म्हणाले, "अगं, जाऊ दे, पाहुणे आहेत." मामांनी कागदाची घडी घातली आणि उशीखाली सारली. "कुनी का केलं आसंना, झालं न्हवं? घर एक हाय."

घर एक आहे, पण पाटीवर नाव एकीचं आहे. मी पुरणपोळी खाल्ली नाही. निघताना पाटीपाशी थांबले. रंग ओला होता, अंगठा फिरवला असता तर काम झालं असतं. मी फिरवला नाही. दुसऱ्याच्या हातानं लिहिलेलं पुसून माझं नाव उगवत नाही.

अजूनही रोज दुपारी मी सांगलीतून पडदा उघडते. सर्व्हरची देखभाल मीच करते, कारण तिला येत नाही. मधे जागा भरत आली होती, ती मी मोकळी केली. खाली उजवीकडे मामांचा बाण सावकाश फिरत असतो. विधवांचे अर्ज भरले जातात, नावं मराठीत दिसतात, चौकोन कुठं नाहीत. कधी ते अडतात, मी बाण हलवून फाईल उघडून देते. त्यांना वाटतं, धाकटी मदत करतेय.

म्हणून हे लिहिलं. मामा, तुम्ही उभी हयात रजिस्टरशिवाय पहारा बदलू दिला नाहीत. हयातीच्या दाखल्यावर अंगठा कुणाचा हे तुम्ही बाईला समोर बसवून तीनदा विचारता. मग सुनेच्या कामावर तुम्ही एकदाही का विचारलं नाहीत? तुम्हाला कळलं नव्हतं म्हणू नका. नोंदीचा कागद तुम्ही फाडला नाहीत, उशीखाली ठेवलात, तो अजून तिथंच आहे, सासूबाईंनी मला सांगितलं. मी एक कोरं रजिस्टर खिळ्याला टांगून आले आहे. पहिल्या पानावर एकच ओळ आहे, 'हे ऑफिस पलंगापर्यंत कुणी आणलं', आणि पुढं जागा सोडली आहे. जाऊ भरणार नाही, सासूबाईंना त्यातलं कळत नाही, तुमचे मुलगे पाहुण्यांसमोर गप्प बसतात. उत्तर तुम्ही द्यायचं, मामा. तुमच्या हातानं, नाव लिहून, खाली सही करून.